असल्यास, नसल्यास

महाराष्ट्र विधिमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी ज्याने एकदा तरी वाचली आहे, तो तिची भाषा विसरत नाही. अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद दोन वर्षे रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हेही खरे आहे काय? असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली मंत्र्यांचे उत्तर असते. 'होय, हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', नाहीतर 'प्रश्न उद्भवत नाही'.

वाचायला हे सगळे रूक्ष वाटते. सभागृहातली खडाजंगी, सभात्याग, राजदंड पळवणे यांच्या बातम्या होतात. छापील यादीतल्या 'असल्यास, नसल्यास'ची होत नाही. तरीही सरकारला रोजच्या रोज जाब विचारण्याचे इतके स्वस्त, इतके सातत्याने वापरता येणारे आणि इतके दुर्लक्षित दुसरे साधन आपल्या लोकप्रतिनिधींच्या हाती नाही, असे मला वाटते. अविश्वासाचा ठराव पाच वर्षांत एखादा येतो. लेखी प्रश्न अधिवेशनाच्या जवळपास प्रत्येक दिवशी विचारता येतो, आणि त्यासाठी बहुमत लागत नाही. एकट्या अपक्ष सदस्याचा प्रश्नही सत्ताधारी पक्षाच्या सदस्याच्या प्रश्नाइतक्याच वजनाचा असतो.

आधी त्याचे गणित पाहू. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांची उत्तरे मंत्र्याने उभे राहून द्यायची आणि त्यावर पूरक प्रश्न झेलायचे. अतारांकित प्रश्न असतात २३०. त्यांची उत्तरे फक्त लेखी. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० असे आहेत. तारांकित प्रश्नांतलेही तासाभरात जेमतेम पाच-सहाच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली असे मानले जाते, म्हणजे तीही लेखीच होतात. दूरचित्रवाणीवर आपण जो प्रश्नोत्तराचा तास पाहतो तो त्या दिवसाच्या अडीचशे उत्तरांपैकी मूठभरांचा असतो. गोंधळात तास वाहून गेला तरी लेखी उत्तरे त्या दिवशी नोंदीवर येतातच. सभागृह बंद पाडणाऱ्यांना ती बंद पाडता येत नाहीत.

संसदेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. सूचना मर्यादेपेक्षा खूप जास्त येतात, त्यामुळे कोणाचा प्रश्न आधी लागणार ते सोडतीने ठरते. प्रश्न कसा नसावा हे लोकसभेच्या नियम ४१ मध्ये सविस्तर लिहिले आहे. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपहास किंवा बदनामी नसावी. मंत्र्याचे मत मागू नये. न्यायालयात चालू असलेल्या बाबीबद्दल विचारू नये. थोडक्यात, माहिती मागावी. हे बंधन अनेक सदस्यांना जाचते. मला ते प्रश्नाच्या हिताचे वाटते. भाषण करणाऱ्याला मंत्री भाषणानेच उत्तर देतो. आकडा मागणाऱ्याला आकडा तरी द्यावा लागतो, किंवा आकडा नाही असे सहीनिशी लिहून तरी द्यावे लागते.

प्रश्न स्वीकारला गेला की त्याचा प्रवास सुरू होतो. राज्याच्या मंत्रालयात 'एलएक्यू (विधानसभेतला प्रश्न) आला' एवढे म्हटले की कार्यासनातली बाकीची कामे बाजूला पडतात. कक्ष अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेकडे, महामंडळाकडे माहिती मागतो. तिथून ती तहसीलदार, गटविकास अधिकारी, शाखा अभियंता यांच्यापर्यंत झिरपते. खालून आलेली माहिती वर चढताना अवर सचिव, उपसचिव, सचिव यांच्या टेबलांवरून जाते आणि शेवटी मंत्र्यांच्या मान्यतेने उत्तर पक्के होते. वर्षभर धूळ खात पडलेली फाइल या निमित्ताने एकदा तरी उघडली जाते. उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' असे लिहिता यावे म्हणून कार्यवाही खरोखरच सुरू होते, आणि उत्तराच्या तारखेआधी रिक्त पदाचा आदेश निघतो. उत्तर छापले जाण्याच्या आधीच प्रश्नाने अर्धे काम केलेले असते. हा परिणाम कुठल्याही आकडेवारीत मोजला जात नाही, पण तालुक्याच्या कचेरीत ज्यांचे काम अडते त्यांना तो नीट माहीत असतो.

उत्तरातल्या खरेपणाची जबाबदारी मंत्र्याची असते. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर विशेषाधिकार भंगाचा प्रश्न उभा राहतो. लोकसभेत अध्यक्षांच्या निदेश ११५ खाली कोणीही सदस्य मंत्र्याच्या विधानातली चूक दाखवून देऊ शकतो, आणि आधीचे उत्तर चुकल्याचे ध्यानात आले तर मंत्र्याला दुरुस्तीचे निवेदन करावे लागते. पत्रकार परिषदेतल्या वाक्याला असे कोणतेच बंधन नसते.

हा अधिकार आपल्याकडे सहज आलेला नाही. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांत सरकारच्या कारभाराबद्दल प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने ती प्रथम दिली. तीही अशी की, प्रश्न निव्वळ माहितीपुरता असावा, उत्तरावर चर्चा होऊ नये आणि अध्यक्षांना वाटले तर त्यांनी तो नाकारावा. १८९३ मध्ये भिनगाच्या राजांनी मध्यवर्ती कौन्सिलात जो पहिला प्रश्न विचारला तो होता दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना सामान पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणाऱ्या जाचाबद्दल. साम्राज्याच्या कायदेमंडळातला पहिला प्रश्न खेड्यातल्या वाण्याचा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. याच काळात मुंबईच्या कौन्सिलात फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले निवडून गेले. मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारण्याची मुभा १९०९ च्या सुधारणांनी दिली, आणि ती सगळ्या सदस्यांना मिळायला १९१९ च्या सुधारणा याव्या लागल्या. ज्यांनी हा अधिकार इंचाइंचाने मिळवला त्यांना त्याची किंमत ठाऊक होती.

स्वतंत्र भारतात एका प्रश्नाने अर्थमंत्री घरी गेल्याचे उदाहरण आहे. जीवन विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले आणि वर्षभरातच, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर घेतले. लाखो विमेदारांचा पैसा डबघाईला आलेल्या कंपन्यांत का गेला? त्याच वर्षी राम सुभग सिंह यांनी लोकसभेत प्रश्न विचारला. पहिले उत्तर मोघम होते. प्रश्न पुन्हा आला, पूरक प्रश्न झाले, आणि फिरोज गांधी यांनी कागदपत्रे जुळवून १६ डिसेंबर १९५७ रोजी सभागृहात सारे प्रकरण उलगडून ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, लोकांनी तिला गर्दी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणातली एक बाब आज आवर्जून सांगायला हवी. राम सुभग सिंह आणि फिरोज गांधी दोघेही काँग्रेसचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते. फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. सरकारला जाब विचारणे हे फक्त विरोधकांचे काम आहे असे त्यांनी मानले नाही. आज कोणत्याही पक्षाचे सरकार असो, सत्ताधारी बाकांवरून येणारे बरेच प्रश्न 'शासनाने अमुक योजना सुरू केली आहे काय, असल्यास तिचा तपशील काय' अशा छापाचे असतात. त्यांच्या उत्तरात योजनेची जाहिरात होते आणि त्या दिवशीच्या मर्यादित यादीतली एक जागा वाया जाते.

उत्तर किती मिळेल हे प्रश्न कसा घडवला आहे यावर फार अवलंबून असते. सप्टेंबर २०२० चे अधिवेशन याचा धडाच आहे. करोनाच्या साथीमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आणि १९७५ च्या आणीबाणीतही तो थांबवला होता. २०२० मध्ये तोंडी उत्तरे गेली, अतारांकित प्रश्न राहिले. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, असे कामगार मंत्रालयाला विचारले गेले. मंत्रालयाचे उत्तर आले की अशी माहिती ठेवली जात नाही. आणि माहितीच नसल्याने नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. देशभर संताप झाला, आणि तो रास्त होता.

त्याच आठवड्यात राज्यसभेत खासदार डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्र्यांनी लेखी उत्तर दिले. मजुरांना गावी नेण्यासाठी सोडलेल्या श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला होता. त्यांपैकी ८७ मृतदेह राज्यांच्या पोलिसांनी शवविच्छेदनासाठी पाठवले आणि ५१ अहवाल हाती आले होते. एका मंत्रालयाकडे काहीच नाही आणि दुसऱ्याकडे इतका तपशील, हे कसे? रेल्वेगाडीत कोणी दगावले तर लोहमार्ग पोलिसांना त्याची नोंद करावीच लागते, शवविच्छेदन होते, कागद तयार होतो. ही नोंद कुठल्या खात्याच्या आवाक्यात असते हे जाणून तिथेच प्रश्न टाकला, म्हणून आकडा बाहेर आला. 'किती मजूर मेले' हा प्रश्न अंतःकरणातून येतो; पण ज्या वहीत ती नोंद आहे त्या वहीचे नाव घेऊन विचारल्याशिवाय सरकार ती वही उघडत नाही.

आणि वहीची मर्यादा हीच उत्तराचीही मर्यादा. ८ मे २०२० च्या पहाटे मराठवाड्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते गावाकडे निघाले होते. त्या ९७ मध्ये ते नाहीत, कारण ते श्रमिक गाडीत नव्हते. रुळांवर मेलेल्यांची माहिती हवी तर तो वेगळा प्रश्न विचारावा लागतो. रस्त्यावर, ट्रकमध्ये, उन्हात चालताना गेलेल्यांचा आणखी वेगळा.

पुढच्या वर्षी असेच दोनदा घडले. २० जुलै २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की, ऑक्सिजनच्या अभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी विशेषत्वाने कळवलेले नाही. डॉ. पवार तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. आणि त्याच नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात तीन महिन्यांपूर्वी टाकीतून गळती होऊन ऑक्सिजन खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण गेले होते. उत्तर कागदावर बरोबर होते. आरोग्य हा राज्यांचा विषय, राज्ये मृत्यू कळवतात, पण ऑक्सिजनचा वेगळा रकाना त्यांनी भरला नव्हता. या उत्तराने केंद्राइतकीच राज्यांचीही लाज उघडी पडली. गदारोळानंतर केंद्राने राज्यांकडून ही माहिती मागवली. म्हणजे एका पोकळ उत्तरानेही एक रकाना तयार करायला लावला.

त्याच अधिवेशनात हाताने मैला उचलण्यामुळे झालेल्या मृत्यूंबद्दल विचारले गेले. असा एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही, असे उत्तर आले. मात्र सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ऑगस्टमधल्या उत्तरात गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ९४१ कामगार दगावल्याचे नमूद होते. २०१३ च्या कायद्यात मैला उचलण्याचे काम आणि गटाराची धोकादायक सफाई या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली विचारली तर शून्य, दुसरी विचारली तर ९४१. प्रश्न लिहिणाऱ्याने कायद्यातली व्याख्या वाचलेली नसेल तर ९४१ घरांचे दुःख नोंदीबाहेर राहते. म्हणून मी म्हणतो की प्रश्न लिहिणे हे अभ्यासाचे काम आहे, आणि ते स्वीय सहायकावर सोडून देणाऱ्या सदस्याने आपल्या पदाचे अर्धे बळ गमावलेले असते.

उत्तर टाळण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत. 'माहिती संकलित करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' ही त्यातली सर्वांत रुळलेली. तिला आळा घालण्यासाठी लोकसभेने डिसेंबर १९५३ मध्ये शासकीय आश्वासनांची समिती नेमली. राज्यसभेत ती १९७२ मध्ये आली, आणि महाराष्ट्रातही आश्वासन समिती आहे. 'विचाराधीन आहे', 'तपासून पाहू', 'माहिती देऊ' अशी वाक्ये समिती टिपून ठेवते आणि ते आश्वासन तीन महिन्यांत पुरे झाले का ते पाहते. मुदतवाढी मागितल्या जातात, वर्षे उलटतात, हे खरे. पण आश्वासन यादीतून आपोआप पुसले जात नाही, आणि मंत्री बदलला तरी खात्याला ते चुकत नाही. या समित्यांचे अहवाल वर्तमानपत्रांनी नेमाने छापायला हवेत असे माझे ठाम मत आहे.

ज्या साधनात बळ असते त्याची बोलीही लागते. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या बाजूने प्रश्न विचारल्याचे चौकशीत सिद्ध झाले. चौकशी समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी, ज्यांना पुढे सात वर्षांनी मुंदडा प्रकरणात पायउतार व्हावे लागले. पंडित नेहरूंनी स्वतः मुदगल यांच्या हकालपट्टीचा प्रस्ताव मांडला. २००५ मध्ये छुप्या चित्रीकरणात पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले ११ खासदार सापडले. त्यांत दोन महाराष्ट्रातले होते. २३ डिसेंबर २००५ रोजी त्यांना काढून टाकण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती कारवाई उचलून धरली. प्रश्न विकला जाणे हा मतदाराचाच विश्वासघात आहे, आणि या दोन्ही वेळी संसदेने कठोरपणा दाखवला हे योग्यच झाले.

सामान्य नागरिकालाही या अधिकाराशी जोडण्याचा प्रयत्न कायद्याने केला होता. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधल्या एका खंडात, जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक होते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने तो खंड बदलताना हे परंतुकही गेले. त्यामुळे आमदार-खासदारांच्या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे: जे आपल्याला थेट विचारता येणार नाही ते त्यांना विचारता येते.

गोव्यात हे भान आपल्यापेक्षा अधिक दिसते. ४० सदस्यांची लहान विधानसभा. पण तिथे एलएक्यूच्या उत्तरातून भूरूपांतराचा, खाणींचा, नोकरभरतीचा तपशील बाहेर आला की दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते आणि गावच्या ग्रामसभेत ते उत्तर वाचले जाते. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था आमदारांनी किती आणि कसे प्रश्न विचारले याचा लेखाजोखा मांडते. विदर्भ, मराठवाडा, कोकण इथल्या मतदारांनाही आपल्या आमदाराबद्दल हे माहीत असायला हवे. लग्नाला आला का, मयतीला आला का, हे आपण बारकाईने पाहतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याने आपल्या तालुक्याबद्दल काय विचारले आणि सरकारने काय लिहून दिले, हे पाहत नाही.

ते पाहणे अवघड नाही. संसदेतले प्रश्न आणि उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात. राज्य विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्याही त्याच्या संकेतस्थळावर येतात. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे प्रश्न पुरवणे. बंद पडलेली पाणीयोजना, थकलेले पीकविम्याचे पैसे, शिक्षक नसलेली शाळा यांबद्दल आमदाराला निवेदन देताना फक्त गाऱ्हाणे देऊ नका. योजनेचे पूर्ण नाव, मंजुरीचे वर्ष, खाते, कामाचा आदेश असेल तर त्याची तारीख, आणि ज्या कार्यालयात नोंद असायला हवी त्याचे नाव, एवढे एका कागदावर लिहून द्या आणि खाली 'असल्यास, नसल्यास'च्या पद्धतीने तयार प्रश्न जोडा. सूचना आधी द्यावी लागत असल्याने अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेले निवेदन उशिराचे ठरते. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच कागद हातात पोहोचवा, आणि उत्तर आले की त्याची प्रत मागून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.